शेतकऱ्याच्या हातातील फोन : निगा, नोंद व दक्षता

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे काम राज्यभर सुरू झाले आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद करण्याचे साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले. तत्पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या पाहणीवर अवलंबून असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पीक व क्षेत्र नोंदवावयाचे आणि पिकाचे छायाचित्र पाठवावयाचे, अशी पद्धत आहे. याच फोनवर हवामानाचा इशारा येतो, बँकेत रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो आणि योजनेच्या अर्जासाठी लागणारा पडताळणीचा आकडाही येतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. त्यासाठीची ओळख पडताळणीदेखील फोनवरून करता येते.

याचा अर्थ असा की, फोन ही आता केवळ बोलण्याची किंवा करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. नांगर, पाभर, फवारणी पंप यांच्याप्रमाणे तेही शेतीचे एक अवजार झाले आहे. ऐन वापशावर पाभरीचे चाडे फुटले तर जसे पेरणीचे नुकसान होते, तसेच नोंदीच्या शेवटच्या दिवशी फोन बंद पडला तर पिकाची नोंद राहून जाते. हमीभावाच्या खरेदीसाठी नाव नोंदविताना किंवा पीककर्ज घेताना ती उणीव जाणवते. अवजाराची निगा जशी हंगामापूर्वी राखावी लागते, तशीच फोनचीही राखली पाहिजे. मात्र पाभर चोरीस गेली तर पाभरच जाते. फोनची किल्ली परक्याच्या हाती गेली तर बँकेतील रक्कमही जाते. हा फरक प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावा.

बॅटरी व उष्णता

आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी वजनाने हलकी व टिकाऊ असली तरी उष्णता तिला सोसत नाही. साधारणतः ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत फोन वापरावा असे अनेक उत्पादक सुचवितात. विदर्भात व मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. ट्रॅक्टरच्या समोरील काचेजवळ किंवा मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवलेला फोन त्याहूनही अधिक तापतो. अशा उष्णतेने बॅटरीची साठवणशक्ती कायमची घटते. म्हणून पुढील नियम पाळावेत :

(१) शेतात फोन सावलीत, कापडी पिशवीत ठेवावा. तापलेला फोन थंड करण्यासाठी पाण्यात किंवा शीतकपाटात ठेवू नये. तो बंद करून सावलीत ठेवावा, म्हणजे आपोआप निवतो.

(२) फोन उन्हात किंवा अंथरुणावर, उशीखाली ठेवून चार्ज करू नये. उष्णता बाहेर जाण्यास वाव मिळत नाही व आगीचा धोका संभवतो.

(३) बॅटरी दररोज पूर्ण संपू देऊ नये. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखल्यास तिचे आयुष्य वाढते. तथापि, दुसऱ्या दिवशी शेतात नोंदीचे काम असेल तर आदल्या रात्री ती पूर्ण भरण्यास हरकत नाही.

(४) फोनची पाठ फुगलेली दिसल्यास फोन तत्काळ वापरातून काढावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती केरात न टाकता दुरुस्ती केंद्रात द्यावी.

(५) चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण पाहावी. विजेचा दाब वारंवार कमी-अधिक होणाऱ्या गावात हलक्या प्रतीचा चार्जर फोन बिघडवितो.

जेथे वीज अनियमित आहे तेथे पॉवर बँक उपयोगी पडते. परंतु तिच्यावर लिहिलेली सर्व शक्ती फोनला मिळत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेने ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी दोनदा पूर्ण भरेल असे धरून चालू नये.

पाणी, धूळ व औषधे

पावसाळ्यात फोन साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फोन भिजल्यास तो प्रथम बंद करावा. सिमकार्ड काढावे, कोरड्या कापडाने पुसावा आणि हवेशीर सावलीत एक-दोन दिवस ठेवावा. पूर्ण वाळण्यापूर्वी चार्जर लावू नये. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती इष्ट नाही, कारण तांदळाची भुकटी चार्जिंगच्या छिद्रात शिरून नवीन बिघाड करते.

फवारणीच्या वेळी फोन हाताळण्याची सवय विशेष घातक आहे. कीटकनाशकाने माखलेल्या हातमोज्यांनी फोन उचलला की औषध काचेवर लागते. तोच फोन पुढे कानाशी व तोंडाशी जातो आणि घरी लहान मुलांच्या हाती पडतो. फवारणीस जाताना फोन घरी किंवा बांधावर पिशवीत ठेवावा. साबणाने हात धुतल्याखेरीज त्यास स्पर्श करू नये.

विजेच्या कडकडाटात फोनमुळे वीज अंगावर ओढली जाते हा समज निराधार आहे. धोका आहे तो भिंतीतील विजेच्या जोडणीला लावलेल्या फोनचा. अशा वेळी चार्जिंगला लावलेला फोन वापरू नये, तसेच उघड्या शेतात किंवा झाडाखाली थांबू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजेचा इशारा देते. त्यासाठी इंटरनेट व स्थानदर्शक सोय चालू असावी लागते. भारतीय हवामान विभागाशी संलग्न ‘मेघदूत’ ॲपवर जिल्हावार कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. फवारणी, काढणी व मळणीचे दिवस ठरविताना तो अवश्य पाहावा.

मोबाइल क्रमांक हीच ओळख

फोन जुना झाला तर बदलता येतो. क्रमांक बदलला तर मात्र अनेक कामे अडतात. आधार, बँक खाते व योजनांची नोंदणी यांना जो क्रमांक जोडलेला असतो त्यावरच पडताळणीचा आकडा येतो. जमीन आईच्या नावावर, क्रमांक मुलाचा आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, असे चित्र अनेक घरांत दिसते. आकडा पुण्यास जातो, काही मिनिटांत त्याची मुदत संपते आणि गावात बसलेल्या खातेदार बाईंचा अर्ज तसाच राहतो. प्रत्येक खातेदाराचा, विशेषतः महिला खातेदाराचा, स्वतःचा व स्वतःजवळ असलेला क्रमांक आधारला जोडून घ्यावा. हे काम आधार केंद्रावर होते.

प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरले नाही तर ते बंद होऊ शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो. बँकेला जोडलेला क्रमांक दुसऱ्याच्या हाती जाणे धोक्याचे आहे. म्हणून असा क्रमांक वेळोवेळी भरणा करून चालू ठेवावा. तो सोडावयाचा असल्यास प्रथम बँकेत व आधार केंद्रावर नवीन क्रमांक नोंदवावा.

शेतातील नोंद : स्थान कसे अचूक येईल

फोन आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवितो. या कामी इंटरनेट लागतेच असे नाही. लागते ते मोकळे आकाश. घरात, पत्र्याच्या छपराखाली किंवा दाट आमराईत संकेत क्षीण होतात आणि स्थान चुकते. ढगांचा मात्र फारसा अडथळा होत नाही.

मोकळ्या आकाशाखालीही सामान्य फोनच्या स्थानात सुमारे ५ मीटरची चूक राहू शकते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौरस, अर्थात सुमारे १० मीटरची बाजू. यावरून ५ मीटरची चूक किती मोठी ठरते हे कळून येईल. अरुंद पट्टीच्या शेतात बांधावर उभे राहून छायाचित्र घेतल्यास स्थान शेजारच्या गटात दिसण्याचा संभव असतो. यास्तव पुढीलप्रमाणे काम करावे :

(१) घरून निघण्यापूर्वी ॲप उघडून ते अद्ययावत आहे काय हे पाहावे. गटक्रमांक सातबाऱ्यावरून कागदावर टिपून घ्यावा.

(२) शेतात गेल्यावर फोनची स्थानदर्शक सोय चालू करावी आणि बांध सोडून गटाच्या मध्यभागी जावे.

(३) एक-दोन मिनिटे थांबावे. संकेत स्थिर होण्यास तेवढा अवधी लागतो.

(४) ज्या पिकाची नोंद आहे तेच पीक छायाचित्रात स्पष्ट दिसेल असे पाहावे. आंतरपीक असल्यास दोन्ही पिके दिसावीत.

(५) काही ॲपमध्ये माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठविण्याची सोय असते. अशा वेळी गावात इंटरनेट मिळताच ती पाठवावी. साठविलेली माहिती म्हणजे पोहोचलेली माहिती नव्हे. नोंद मिळाल्याचा संदेश दिसेपर्यंत काम अपुरे समजावे.

(६) त्या संदेशाचे पडद्यावरील चित्र जतन करावे. पुढे वाद उद्भवल्यास ते उपयोगी पडते.

मुदतीच्या अखेरच्या दिवसांत एकाच वेळी असंख्य लोक माहिती पाठवितात व यंत्रणा संथ होते. नोंदीची मुदत सुरू होताच पहिल्या आठवड्यात काम उरकणे शहाणपणाचे आहे. पीक विम्याच्या बाबतीत कोणत्या जोखमी समाविष्ट आहेत आणि नुकसानीची सूचना शेतकऱ्याने किती तासांत द्यावयाची, हे हंगामागणिक बदलू शकते. म्हणून त्या हंगामाच्या शासन निर्णयावरून ते आधीच समजून घ्यावे आणि मुदतीचे तास नुकसानीच्या घटनेपासून मोजावेत.

रोग-किडीचे छायाचित्र

तज्ज्ञाचा सल्ला घेण्यासाठी पाठविलेली छायाचित्रे पुष्कळदा अस्पष्ट असल्याने निरुपयोगी ठरतात. एका तक्रारीसाठी तीन छायाचित्रे घ्यावीत : पहिले संपूर्ण शेताचे, दुसरे एका पूर्ण रोपाचे आणि तिसरे रोगट भागाचे, अगदी जवळून. कॅमेऱ्याची काच स्वच्छ सुती कापडाने पुसावी. सूर्य पाठीमागे ठेवावा. पडद्यावर रोगट भागास बोट लावून चित्र स्पष्ट झाल्यावरच टिपावे. आकाराची कल्पना येण्यासाठी शेजारी एखादे नाणे ठेवावे.

काय टिपावे हे किडीवर अवलंबून असते. मक्यावरील लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये आढळली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण व शेपटीच्या टोकाजवळ चौकोनात चार ठिपके असतात. तेव्हा केवळ खाल्लेल्या पोंग्याचे नव्हे, तर अळीचे डोके व शेपूट यांचे छायाचित्र घ्यावे. सोयाबीनवरील चक्रीभुंग्यासाठी खोडावरील किंवा देठावरील दोन चक्राकार खापा दिसल्या पाहिजेत. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी बोंड फोडून आतील भाग दाखवावा. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडाच्या चित्रावरून निदान होत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने लहान होते व त्यातील बारकावे जातात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. सल्ला हवा पण इंटरनेट नाही, अशा वेळी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत विचारणा करता येते. फोनवर वाचलेली औषधाची मात्रा मात्र डब्यावरील छापील माहितीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

पैसे व परवलीचे आकडे

फसवणुकीचे प्रकार अनेक असले तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते : शेतकऱ्याकडून त्याचीच किल्ली मागून घेणे. पुढील नियम कुटुंबातील सर्वांनी पाठ करावेत :

(१) यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही व चौकोनी संकेतचित्र टिपावेही लागत नाही. ‘अनुदान जमा करतो, पिन टाका’ असे सांगणारा मनुष्य फसवीत आहे असे निश्चित समजावे.

(२) पडताळणीचा आकडा फोनवरून कोणासही सांगू नये. बँकेचा किंवा शासनाचा खरा कर्मचारी फोन करून तो विचारीत नाही.

(३) ‘पीएम किसान’सारख्या योजनेचे नाव देऊन व्हॉट्सॲपवर पाठविलेली, ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल उघडू नये. अशा फाइलमधून शिरलेले लबाड ॲप फोनवरील संदेश वाचते आणि पडताळणीचे आकडे परस्पर चोरट्यांना पोहोचविते. ॲप नेहमी फोनमधील अधिकृत भांडारातूनच घ्यावे.

(४) योजनेच्या नावात ‘किसान’ किंवा ‘सातबारा’ शब्द आहे एवढ्यावरून संकेतस्थळ शासकीय ठरत नाही. शासकीय संकेतस्थळाचे नाव सामान्यतः ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपते.

(५) फोन दुरुस्तीचे निमित्त सांगून पडदा दुसऱ्यास दाखविणारे ॲप घ्यावयास लावणाऱ्याचे ऐकू नये.

फसवणूक झालीच तर संकोच करीत बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेस तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ती मध्येच थांबविण्याची शक्यता अधिक.

फोन हरवल्यास

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे क्रमाने दाबल्यास तो पडद्यावर येतो. तो फोनमध्ये नव्हे, तर घरातील वहीत किंवा सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा. फोन हरवताच पोलिसांत तक्रार द्यावी, त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे व बँकेस कळवावे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून हरवलेला फोन भारतातील मोबाइल जाळ्यांवर बंद करता येतो. फोनला पडदा-कुलूप आधीपासून असेल तर मिळालेल्या अवधीत हे सर्व करता येते. नसेल तर तो अवधी मिळत नाही.

कार्यालयातील संगणक व टॅब्लेट

ग्रामपंचायतीच्या संगणकावर अनेक शेतकऱ्यांचे आधार, बँक पुस्तक व उतारे उतरवून घेतले जातात. काम झाल्यावर ही कागदपत्रे ‘डाउनलोड’ कप्प्यातून व कचरापेटीतून काढून टाकावीत. जागेवरून उठताना संगणकास कुलूप लावावे. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह विषाणू-तपासणीशिवाय उघडू नये. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. जुन्या खासगी फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. विंडोज १० या प्रणालीस उत्पादकाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या कार्यालयांत ती अद्याप चालू आहे त्यांनी पुढील व्यवस्था करून घ्यावी.

पाच-सहा शेतकऱ्यांना एकत्र दाखविण्यास टॅब्लेट सोयीचा असतो. खरेदीपूर्वी मात्र त्यात सिमची जागा व उपग्रहावरून स्थान ओळखण्याची सोय आहे काय हे विचारावे. काही स्वस्त टॅब्लेटमध्ये या सोयी नसतात आणि शेतातील नोंदीस ते निरुपयोगी ठरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिकवावे कसे

शेतकऱ्याचा फोन आपल्या हातात घेऊन काम भराभर उरकून देणे सोपे असते. परंतु त्याने शेतकरी शिकत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेथेच येतो. विस्तार कार्यात पद्धत-प्रात्यक्षिकाचा जो नियम आहे तोच येथे लागू करावा : कार्यकर्त्याने आपल्या फोनवर एकदा दाखवावे, नंतर शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटाने करावे. एका बैठकीत एकच काम शिकवावे. वृद्धांच्या फोनवर अक्षरे मोठी करून द्यावीत आणि मराठीत बोलून लिहिण्याची सोय दाखवावी. बैठकीस घरातील स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे.

कार्यकर्त्याने कोणाचाही पिन किंवा परवलीचा शब्द विचारू नये, वहीत लिहू नये, पाठही करू नये. सोय म्हणून गावातील वीस जणांचे पिन एका वहीत लिहून ठेवले तर ती वही गावाची तिजोरी होते आणि तिला कुलूप नसते.

हंगामानुसार कामे

मे : फोनमधील निरुपयोगी चित्रे व चलचित्रे काढून जागा मोकळी करावी. ॲप अद्ययावत करावीत. आधारला जोडलेला क्रमांक व शेतकरी ओळख क्रमांक तपासावा.

जून-जुलै : जलरोधक पिशवीची व्यवस्था करावी. पेरणीची तारीख, बियाण्याच्या पिशवीवरील लेबल व खरेदीची पावती यांची छायाचित्रे घ्यावीत. उगवण न झाल्यास तक्रारीसाठी ती लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबर : पीक पाहणीची मुदत पाहून लवकरात लवकर नोंद करावी. दर आठवड्यास शेताचे एक छायाचित्र त्याच जागेवरून घ्यावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : काढणीपूर्वी हवामान सल्ला व बाजारभाव पाहावेत. विक्रीच्या पावत्या टिपून ठेवाव्यात. रब्बीच्या नोंदीची मुदत विचारावी.

वर्षातून एकदा : महत्त्वाची छायाचित्रे दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत, पिन बदलावा आणि वहीतील आयएमईआय क्रमांक पडताळावा.

वरीलपैकी कोणत्याही कामास फारसा खर्च येत नाही. थोडी शिस्त लागते. गावातील पुढील बैठकीत कार्यकर्त्यांनी प्रथम दोनच गोष्टी प्रत्येकाकडून करून घ्याव्यात : फोनला पडदा-कुलूप लावणे आणि १९३० हा क्रमांक फोनमध्ये व घराच्या भिंतीवर लिहिणे. उरलेली कामे त्यानंतरच्या बैठकींत क्रमाने घ्यावीत.